मोबाईल नेमका कधी हातात जातो?

‘लहान मुलाला मोबाईल किती वेळ दाखवला तर चालेल?’ हा प्रश्न बालरोगतज्ज्ञांपासून बालवाडीच्या ताईंपर्यंत सगळ्यांना विचारला जातो आणि त्याचं उत्तर दोन ओळींत संपतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचना सांगतात, की पहिली दोन वर्षं स्क्रीन नको. दोन ते चार या वयात दिवसाला जास्तीत जास्त १ तास, तोही जितका कमी तितका बरा. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे इंडियन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने, २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूचनाही जवळपास याच आहेत. दोन वर्षांखालच्या मुलांना नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल एवढी सूट त्यांनी दिली आणि एका तासाची मर्यादा पाच वर्षांपर्यंत नेली.

आकडे बरोबर आहेत, पण घरात त्यांचा म्हणावा तसा उपयोग होत नाही. रविवारी दुपारी बाबाच्या मांडीवर बसून, मधेमधे प्रश्न विचारत पाहिलेली अर्ध्या तासाची गोष्ट. आणि दिवसभरात सहा वेळा, रडू आलं की पाच-पाच मिनिटं हातात आलेला मोबाईल. घड्याळाच्या हिशोबाने दोन्ही अर्धाच तास. मुलाच्या मनाच्या वाढीला मात्र दुसरा अर्धा तास कितीतरी महाग पडतो. राग आवरणं, वाट पाहणं, कंटाळा सोसणं, पोट भरलं की थांबणं हे मूल ज्या प्रसंगांतून शिकतं, नेमक्या त्याच प्रसंगी मोबाईल पुढे केला जातो.

म्हणून मिनिटं मोजण्याआधी प्रसंग मोजा. फ्रिजवर एक कागद लावा, तीन दिवसांसाठी, त्यातला एक दिवस सुट्टीचा असू द्या. मूल स्क्रीनसमोर गेलं की दोनच गोष्टी लिहायच्या: किती वाजले होते, आणि त्याच्या अगदी आधी काय चाललं होतं. किती वेळ पाहिलं ते लिहू नका. ते लिहायला घेतलं की माणूस हमखास काटछाट करतो. आजी-आजोबांनी आणि सांभाळणाऱ्या मावशींनीही त्याच कागदावर लिहावं, पाळणाघरात विचारून घ्यावं. बहुतेक घरांत चारच कारणं निघतात: जेवण, रडणं, वाट पाहणं आणि झोप. पाचवं कारण कागदावर येतच नाही, त्याबद्दल पुढे.

जेवणाची सवय सगळ्यात चिवट. ‘मोबाईल लावला की तोंड उघडतं’ असं आया सांगतात, आणि ते शब्दशः खरं असतं. नजर चित्राकडे, तोंड आपोआप उघडं, घास आत. भूक लागली आहे की पोट भरलं आहे, याचा मुलाला पत्ताच नसतो. चावणं राहून जातं, घास गालात तसाच धरला जातो, ठसका लागायची भीती वाढते. शिवाय तोंड फिरवणं, हात पुढे करणं, आईच्या ताटातलं मागणं, लोणचं चाटून तोंड वाकडं करणं आणि त्यावर सगळ्यांनी हसणं, ही जेवणातली सगळी देवघेव बंद पडते.

पण मोबाईल काढायच्या आधी मूल जेवत का नाही ते पाहा. पुष्कळदा उत्तर दुधाच्या बाटलीत सापडतं. वर्षाच्या पुढच्या मुलाला दिवसाला साधारण ४०० ते ५०० मिली दूध पुरे. सकाळी उठल्यावर २५०, दुपारी झोपताना २५०, रात्री पुन्हा २५०, मधे दोन बिस्किटं आणि मूठभर चिवडा, असं असेल तर वरणभाताला जागा कुठली? तेव्हा पहिल्या आठवड्यात मोबाईलला हात लावू नका. दूध कमी करा, बाटलीऐवजी पेला आणा, आणि दोन खाण्यांमध्ये अडीच ते तीन तास फक्त पाणी.

दुसऱ्या आठवड्यात एकच जेवण निवडा, भूक सगळ्यात कडक असते ते. बहुतेक मुलांचं संध्याकाळी खेळून आल्यानंतरचं. घरातलं कुणीतरी सोबत ताट घेऊन बसलंच पाहिजे. एकट्या मुलाला भरवणं हे जेवण नव्हे, ते काम होतं. ताटात थोडं वाढा: दर पदार्थाचा वयाच्या वर्षाला एक मोठा चमचा, हा ठोकताळा. दोन वर्षांच्या मुलाला दोन चमचे भात-वरण, दोन चमचे भाजी, पोळीचा चतकोर. मागितलं तर आणखी. वीस ते तीस मिनिटांनी ताट उचलायचं. ना टोमणा, ना गयावया. पुढचं खाणं ठरलेल्या वेळी.

बिघडतं ते इथे. पहिले तीन-चार दिवस मूल कमी खातं, आजीचा जीव वरखाली होतो आणि चौथ्या दिवशी ‘आजच्यापुरता’ मोबाईल लागतो. यातून मूल एवढंच शिकतं, की चार दिवस ताणलं की मिळतो. पुढच्या वेळी ते सहा दिवस ताणतं. मधूनच कधीतरी मिळणारी गोष्ट रोज मिळणाऱ्या गोष्टीपेक्षा सोडवायला अवघड असते. घरात सगळ्यांचं एकमत होईपर्यंत सुरुवातच न केलेली बरी. दात येत असताना, ताप असताना किंवा घरी पाहुणे असतानाचा आठवडाही टाळा. मूल खेळतंय, लघवी नेहमीसारखी होतेय, तोवर दोन घास कमी गेले म्हणून काही होत नाही. मात्र वजन वाढत नसेल, घास वारंवार घशाशी अडकत असेल, किंवा मूल ठराविक दोन-तीन पदार्थांपलीकडे काही तोंडातच घेत नसेल, तर हे प्रयोग घरी करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

रडणं थांबवायला दिलेला मोबाईल मला या सगळ्यात जास्त घातक वाटतो. मायकेल पोटेगल आणि रिचर्ड डेव्हिडसन या मानसशास्त्रज्ञांनी दीड ते पाच वर्षांच्या मुलांच्या आकांडतांडवाचा बारकाईने अभ्यास करून २००३ मध्ये तो मांडला. जवळपास तीन-चतुर्थांश आकांत पाच मिनिटांच्या आत संपलेले होते. ओरडणं, लाथा झाडणं, फेकाफेक हा रागाचा जोर ओसरला की रडवेलेपणा उरतो आणि मूल कुणाच्या तरी कुशीत शिरू पाहतं. शांत होण्याचं शिक्षण घडतं ते या शेवटच्या टप्प्यात. दुसऱ्याच मिनिटाला मोबाईल आला तर मूल गप्प होतं, पण शांत होत नाही. राग कसा उतरतो, हे त्याला कधी अनुभवायलाच मिळत नाही. मिशिगन विद्यापीठातल्या जेनी रॅडेस्की आणि सहकाऱ्यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या ४२२ पालकांकडून काही महिने माहिती घेतली. डिसेंबर २०२२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. मुलांना शांत करायला जे वारंवार मोबाईल देत, त्यांच्या मुलांमध्ये पुढे भावनांचा भडका वाढलेला दिसला. मुलग्यांमध्ये आणि मुळातच उसळत्या स्वभावाच्या मुलांमध्ये तो जास्त. ज्या मुलाला मोबाईल ‘लागतोच’ असं आपण म्हणतो, नेमकं त्यालाच तो सगळ्यात कमी मानवतो.

मग त्या पाच मिनिटांत करायचं काय? खाली बसायचं, डोळे मुलाच्या डोळ्यांच्या पातळीला. मारत असेल, डोकं आपटत असेल तर हात धरायचा, टोकदार वस्तू बाजूला करायच्या. एकच छोटं वाक्य: ‘फुगा फुटला, राग आला.’ बस. समजावणं, प्रश्न विचारणं, ‘शहाणा ना तू’ म्हणणं यातलं काहीही त्या वेळी आत पोहोचत नाही, उलट आगीत सरपण पडतं. मग जवळ थांबायचं. जवळ घेतलेलं चालत असेल तर घ्यायचं, नसेल तर हातभर अंतरावर बसायचं. हुंदके लांबले, अंग सैल पडलं की पाणी द्यायचं आणि मगच दोन शब्द बोलायचे. इथे नावं नेमकी द्या. सगळ्याला ‘राग’ म्हणू नका. खेळणं हिसकावलं गेलं तर राग, बाबा न सांगता गेला तर रुसवा, ठरलेली बाग पावसामुळे रद्द झाली तर हिरमोड, गर्दीत हात सुटला तर घाबरणं. तीन-साडेतीन वर्षांचं मूल ‘मी रुसलोय’ म्हणू लागलं की पाय आपटण्याचं निम्मं कारण संपतं.

हेच चालू स्क्रीन बंद करताना. ‘अजून दोनच मिनिटं हं!’ अशी सूचना दिली की मूल सहज सोडतं असा समज आहे. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासात उलटं दिसलं: अशी सूचना दिलेल्या वेळी रडारड जास्त झाली. गोष्ट आपोआप संपली किंवा बंद करणं रोजच्या क्रमाचा भाग असला, तर मुलांनी फारशी कुरकुर केली नाही. यावरून एक व्यवहारी गोष्ट निघते. पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सोय बंद करा. शॉर्ट्स आणि रील्स तर लहान मुलाला दाखवूच नका, कारण त्यांना शेवट नसतो, आणि जिथे शेवट नाही तिथे प्रत्येक बंद करणं हे हिसकावणंच होतं. यूट्यूब किड्समध्ये कोपऱ्यातल्या कुलपावर बोट ठेवून गुणाकार सोडवला की टायमर मिळतो, तो लावा. वेळ संपल्यावर ॲप स्वतःच थांबतं आणि मग आई खलनायक ठरत नाही. त्याच ॲपमध्ये पालकांनी निवडलेलेच व्हिडिओ दिसतील अशी व्यवस्था आहे, शोधण्याची सोयही बंद करता येते. फोनच द्यावा लागला तर अँड्रॉइडवर ॲप पिनिंग आणि आयफोनवर गाइडेड ॲक्सेस सुरू ठेवा, म्हणजे मूल दुसरीकडे जात नाही. पण माझं मत विचाराल तर हातातल्या फोनपेक्षा हॉलमधला टीव्ही बरा. तो दूर असतो, सगळ्यांना दिसतो, आणि त्यावर बोट फिरवून क्षणात दुसरं काही आणता येत नाही.

काय दाखवावं, याची परीक्षा सोपी आहे. आवाज बंद करून एक मिनिट पाहा. दर दोन-तीन सेकंदांना दृश्य बदलत असेल तर सोडून द्या. थोडीच पात्रं, सरळ गोष्ट, दहा-पंधरा मिनिटांत शेवट, आणि नंतर भातुकलीत किंवा बाहुल्यांत मूल ती गोष्ट खेळू शकेल, एवढं पुरे. इंग्रजी मुळाक्षरं आणि रंग शिकवणाऱ्या व्हिडिओंवर दोन वर्षांखालच्या बाळाची भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. बाळं भाषा कशी शिकतात याच्या अभ्यासक पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ च्या प्रयोगात नऊ महिन्यांची अमेरिकन बाळं प्रत्यक्ष माणसाकडून बारा बैठकांत मँडरिन चिनीचे ध्वनी ओळखायला शिकली. तेच माणूस, तेच बोलणं पडद्यावर पाहणारी बाळं काहीच शिकली नाहीत.

वाट पाहण्याचे प्रसंग पुण्यात उदंड. हिंजवडीहून परतताना अडकलेली गाडी, फर्ग्युसन रस्त्यावर रविवारी रात्री टेबल मिळेपर्यंतचा अर्धा तास, दवाखान्यातला नंबर, कात्रजच्या प्राणिसंग्रहालयातली तिकिटाची रांग. दोन वर्षांचं मूल रिकामं असेल तर एक-दोन मिनिटांच्या वर थांबू शकत नाही, चार वर्षांचं पाच-दहा मिनिटं. याहून जास्त अपेक्षा ठेवली की फोन निघणारच. म्हणून एक छोटी पिशवी कायम दाराशी ठेवा: पाठकोरी वही, चार जाड खडू, कागदी चिकटपट्टीचा रोल, सात-आठ कपड्यांचे चिमटे, खेळण्यातले दोन प्राणी. चिकटपट्टीत मूल सगळ्यात जास्त वेळ रमतं. मणी, राजमा, चणे तीन वर्षांखालच्या मुलांच्या पिशवीत नकोत, ते नाकात जातात. पिशवी फक्त बाहेरच उघडायची, नाहीतर आठवड्यात तिची नवलाई जाते. हॉटेलात मुलाचं आधी मागवा आणि एका मोठ्याने त्याला घेऊन फुटपाथवर फेरी मारून यावं. गाडीत बोलून खेळा: पिवळ्या पाट्यांची गाडी कोण आधी बघतं, पाण्याच्या टाक्या किती.

आणि कधीकधी काहीच देऊ नका. कंटाळा येऊ द्या.

आता ते पाचवं कारण, मोठ्यांचा स्वतःचा फोन. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांचा १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग बालमानसशास्त्रात सगळ्यांना माहीत असतो. आई बाळाशी छान खेळते, मग थोडा वेळ त्याच्यासमोर निर्विकार चेहऱ्याने बसते. बाळ हसून पाहतं, हात पुढे करतं, आवाज काढतं; प्रतिसाद येत नाही म्हटल्यावर तोंड फिरवतं, बेचैन होतं. मेसेज वाचणाऱ्या माणसाचा चेहरा असाच असतो. शिवाय मुलाला एक अडचण अशी, की आई कणीक मळतेय, बाबा भांडी लावतोय हे त्याला दिसतं, समजतं, त्यात लुडबुड करता येते. फोनवर आई बँकेचं काम करतेय की नुसती स्क्रोल करतेय, हे त्याला कळायला मार्ग नाही. म्हणून काम असेल तर मोठ्याने सांगा: ‘ऑफिसला दोन ओळी लिहिते, मग फोन ठेवते,’ आणि खरंच ठेवा. कामावरून आल्यावर पहिला अर्धा तास फोन चपलांच्या कपाटावर. दिवसातल्या बाकीच्या वेळी तुम्ही आदर्श नसाल तरी एवढा अर्धा तास सांभाळता येतो.

टीव्हीची गोष्ट जरा नाजूक. संध्याकाळी सातपासून मालिका सुरू होतात, मूल त्या बघत नसतं, पण आवाज घरभर. बालरोगतज्ज्ञ दिमित्री क्रिस्टाकिस यांच्या २००९ च्या अभ्यासात ऐकू येणाऱ्या टीव्हीच्या प्रत्येक जादा तासामागे मुलाच्या कानी पडणारे मोठ्यांचे शब्द सुमारे ७७० ने कमी झाले होते. मात्र हे आजीला सुनवण्याआधी थोडा विचार करा. सकाळी आठ ते संध्याकाळी सात दोन वर्षांच्या पोराच्या मागे धावून तिचे गुडघे बोलायला लागलेले असतात आणि तिला विसावा म्हणून एवढीच जागा असते. ‘आई, तुमची आवडती एक मालिका ठेवा, तेवढा वेळ मी याला घेऊन खाली जातो, दुसरी रात्री तो झोपल्यावर मोबाईलवर लावून देतो,’ असं मुलाने, म्हणजे बाळाच्या बाबाने, म्हणावं. हे सुनेवर सोपवू नये. आणि दिवसा आजी-आजोबांना बसून करता येतील अशी कामं मुलासोबत लावून द्यावीत: मटार सोलणं, रुमालांच्या घड्या, कुंड्यांना पाणी, पोळ्यांच्या वेळी कणकेचा गोळा.

झोपेचं थोडक्यात. तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारची धरून १० ते १३ तास झोप हवी. झोपण्याआधीचा एक तास स्क्रीन बंद, झोपायच्या खोलीत फोन चार्जिंगलाही नको. जेवण, दात, मंद दिवा, आणि रोज तीच चिऊ-काऊची गोष्ट. रोज नवी हवी हा मोठ्यांचा हट्ट, मुलांना तीच आवडते.

परदेशातल्या आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल मात्र जरूर करा. २०१४ च्या एका अभ्यासात दोन ते अडीच वर्षांची मुलं समोरासमोर बोलणाऱ्या माणसाकडून जशी नवी क्रियापदं शिकली, तशीच व्हिडिओ कॉलवरही शिकली. नुसत्या रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओवरून नाही. कारण कॉलवरचा माणूस मुलाला उत्तर देतो. पाच-दहा मिनिटं पुरतात. फोन मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर टेकवून ठेवा, शेजारी बसा. ‘आजोबांना गाणं म्हणून दाखव’ ही फर्माईश टाळा. त्यापेक्षा दोन्हीकडे ओढणीआडून भोऽक करा, तिकडचा चमचा आणि इकडचा चमचा दाखवा.

मोकळ्या झालेल्या वेळात काय, तर दुसरी मुलं. सोसायटीतली घसरगुंडी, सारसबागेजवळचं गरवारे बालभवन, तळजाईची टेकडी, काहीही चालेल. महापालिकेच्या पुष्कळ बागा दुपारी बंद असतात, तेवढी वेळ बघून निघा. दोन वर्षांची मुलं शेजारी शेजारी खेळतात, एकत्र नव्हे. त्यांना ‘दे बाळा त्याला’ म्हणत वाटून घ्यायला लावू नका. साडेतीन-चार वर्षांची झाली की भांडणं सुरू होतात. मारामारी होत नसेल तर मधे पडण्याआधी मनात दहा आकडे मोजा. दहापर्यंत पुष्कळ तंटे मिटतात, आणि आळीपाळीने खेळणं, माफी, भाव खाणं, समजूत घालणं हे सगळं तिथेच शिकून होतं.

एक इशारा. सध्या ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ हा शब्द व्हॉट्सॲपवर फिरतो. असं निदान वैद्यकशास्त्राच्या अधिकृत यादीत नाही. ऑटिझम हा मेंदूच्या जडणघडणीतला फरक आहे, तो मोबाईलमुळे होतो असं सिद्ध झालेलं नाही, आणि त्यासाठी आईला दोषी धरणं अन्याय आहे. पण त्या शब्दाचा खरा तोटा वेगळाच: ‘आधी सहा महिने मोबाईल बंद करून पाहू’ म्हणत पालक थांबतात आणि उपचाराचा मोलाचा काळ जातो. वर्षाचं मूल बडबड करत नसेल, बोट दाखवत नसेल, टाटा करत नसेल, हाकेला वळत नसेल. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल. दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडत नसेल. किंवा कुठल्याही वयात आलेले शब्द, आलेलं हसणं मागे गेलं असेल, तर मोबाईल बंद करा आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवायलाही न्या. आधी कानांची तपासणी. पुण्यात केईएम रुग्णालयाचं बालविकास केंद्र आहे, सरकारी सेवेसाठी औंधचं जिल्हा रुग्णालय आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते, त्याची चौकशी अंगणवाडीतही करता येते.

जाताना लसीकरणाचं कार्ड, मूल बोलतं त्या शब्दांची यादी (‘मम’, ‘भूभू’ही धरायचे) आणि दोन-तीन मिनिटांचे तीन व्हिडिओ न्या: एकटं खेळताना, जेवताना, आणि मागून नावाने हाक मारल्यावर. दवाखान्यात मूल बुजतं, घरातलं वागणं तिथे दिसत नाही. व्हिडिओ काढताना ‘म्हण ना, दाखव ना’ करू नका. फोन कपाटाला टेकवून ठेवा आणि नेहमीसारखं खेळा.